पुन्हा रक्त मागितलं म्हणून लॅबवर चिडू नका! जत-माणहून निघालेलं रक्त वाटेत कसं बिघडतं आणि रिपोर्टचा आकडा कसा फिरतो?

विश्लेषण | सातारा-सांगली

लॅबमधून फोन येतो, "कालचं रक्त खराब झालंय, पुन्हा द्यावं लागेल." माणूस चिडतोच. एक तर रोजगार बुडवून उपाशीपोटी तालुक्याला जावं लागलेलं असतं. गाडीभाडं गेलेलं असतं, सुई टोचून झालेली असते. वर शेजारचा सांगतो, ती लॅब सोड, दुसरीकडं जा, तिथं एका फेरीत रिपोर्ट हातात देतात.

इथंच गल्लत होते. रक्त खराब झालंय हे ओळखून ते परत मागणारी लॅब आपलं काम चोख करत असते. तेच रक्त गुपचूप मशीनमध्ये घालून आकडा छापून देणारी लॅब मात्र महागात पडते. कारण त्या आकड्यावर कुणाला आयुष्यभराची गोळी सुरू होते, तर कुणाचं खरं दुखणं "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून घरी पाठवलं जातं.

सातारा-सांगलीत तपासणीची सोय वाईट नाही. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. कराड, सातारा, सांगलीत मोठी रुग्णालयं आणि लॅब आहेत. पण मशीन शहरात आणि माणूस गावात, ही अडचण आहेच. जतहून सांगली-मिरजेला जायचं तर ऐंशी-नव्वद किलोमीटर. दहिवडीहून सातारा साठ-सत्तर किलोमीटर. म्हणून आता माणसाऐवजी त्याचं रक्त प्रवास करतं. गावातल्या कलेक्शन सेंटरवर किंवा शिबिरात सुई टोचली जाते आणि नळी मोटारसायकलवरून, एसटीतून, पेटीतून शहराकडं निघते. आकडा फिरण्याची सुरुवात बहुतेक वेळा या प्रवासात होते.

हे फक्त आपल्याकडं घडतं असंही नाही. इटलीतल्या पाडुआ शहरातल्या रुग्णालयात लॅबच्या चुका मोजल्या गेल्या. १९९७ च्या अहवालात सुमारे ६८ टक्के चुका रक्त मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या निघाल्या. दहा वर्षांनी, २००७ मध्ये पुन्हा मोजलं, तरी तो आकडा ६२ टक्क्यांच्या आसपास होता. एकाच रुग्णालयाच्या आवारात ही गत, तर आपल्या नळीला घाट आणि खड्डे दोन्ही पार करायचे असतात.

मशीन नेमकं काय बघतं?

रक्तात अनेक प्रकारची प्रथिनं म्हणजे प्रोटीन असतात. अल्ब्युमिन अंगावर सूज येऊ देत नाही. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. फायब्रिनोजेन रक्त गोठवतं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, झटका आला की रक्तात उतरतं. थायरॉईडच्या तपासणीतलं टीएसएचसुद्धा प्रथिनाच्याच जातीचं.

मशीनला ही प्रथिनं डोळ्यांनी दिसत नाहीत. 'टोटल प्रोटीन'साठी तांब्याचं निळसर द्रावण घालतात. प्रथिन जितकं जास्त तितका जांभळा रंग गडद होतो. त्या रंगातून प्रकाश किती पार होतो ते मोजून मशीन आकडा देतं. ट्रोपोनिन, टीएसएचसारख्या तपासण्यांत ते प्रथिन पकडायला खास 'सापळा' लावलेला असतो. सापळ्यात किती अडकलं त्यावरून आकडा येतो.

आता नळीतल्या रक्ताला भलताच रंग आला, ते गढूळ झालं किंवा सापळ्याला चकवणारं काही त्यात मिसळलं, तर मशीन बिचारं चुकीचं मोजणार. लॅबवाले याला 'इंटरफेरन्स' म्हणतात. आपण साध्या भाषेत तपासणीतला अडथळा म्हणू.

लाल, दुधाळ आणि पिवळं

रक्त गोठलं की नळी मशीनमध्ये गरागरा फिरवून वरचं फिकट पिवळं पाणी वेगळं काढतात. त्याला सिरम म्हणतात. बहुतेक तपासण्या त्यावरच होतात. हे सिरम तीन प्रकारे दगा देतं.

पहिला प्रकार लाल सिरम. तांबड्या पेशी फुटल्या की हे होतं. बारीक सुई, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, सुईतूनच रक्त दाबून नळीत सोडणं, नळी हलकेच उलटीपालटी करायची सोडून खळखळ हलवणं, उन्हात तापणं, बर्फाला चिकटून गोठणं, यातलं काहीही कारण पुरतं. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं आणि रिपोर्टवर पोटॅशियम एकदम वाढलेलं दिसतं. एसजीओटी वाढतं, टोटल प्रोटीन थोडं चढतं. काही मशीनवर ट्रोपोनिनचा आकडाही हलतो. किडनीच्या किंवा बीपीच्या रुग्णाचं पोटॅशियम असं वाढलेलं दिसलं की डॉक्टरांची आणि घरच्यांची धावपळ उडते. प्रत्यक्षात रुग्णाला काही झालेलं नसतं, घोटाळा नळीत झालेला असतो.

दुसरा प्रकार दुधाळ सिरम. रात्री जत्रेचं मटण झालं आणि सकाळी रक्त दिलं, किंवा रक्तातली चरबीच फार वाढलेली असली, तर सिरम पातळ ताकासारखं दिसतं. त्यातून प्रकाश नीट पार होत नाही. हिमोग्लोबिनसुद्धा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. अंगात रक्त कमी असलेली बाई कागदावर ठणठणीत ठरते.

तिसरा प्रकार गडद पिवळं सिरम. काविळीत हे होतं. त्या रंगामुळं काही पद्धतींत किडनीचं क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे काविळीच्या रुग्णाची किडनी बिघडत असली तरी कागदावर ते लपू शकतं.

मोठ्या लॅबमधली नवी मशीन सिरमचा लालपणा, गढूळपणा, पिवळेपणा स्वतः मोजतात आणि इशारा देतात. छोट्या लॅबमध्ये हे काम तंत्रज्ञाच्या डोळ्यांवर असतं. म्हणून रिपोर्ट आला की फक्त ठळक अक्षरातले आकडे बघू नका. तळाशी बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड', 'लायपेमिक' किंवा 'इक्टेरिक' असा इंग्रजी शेरा आहे का ते मुलाबाळांकडून वाचून घ्या. हेच ते लाल, दुधाळ आणि पिवळं.

दंडाच्या पट्ट्यापासून लॅबच्या पेटीपर्यंत

अडथळा नळीच्याही आधी सुरू होतो. शीर सापडत नाही म्हणून दंडाचा पट्टा दोन-तीन मिनिटं आवळून ठेवतात, मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप करायला लावतात. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त राहिला की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि प्रथिनं मागं दाट होऊन राहतात. टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन फुगतं. मूठ आवळल्यानं पोटॅशियम वाढतं.

झोपून दिलेलं रक्त आणि बराच वेळ रांगेत उभं राहून दिलेलं रक्त यातही अल्ब्युमिनचा आकडा आठ-दहा टक्क्यांपर्यंत फिरतो. उन्हाळ्यात द्राक्षबागेत किंवा उसाच्या फडात घामाघूम झालेला माणूस पाणी न पिता तसाच शिबिराच्या रांगेत आला, तर त्याचं रक्त आधीच आटलेलं असतं.

नळ्यांच्या टोपणांचे रंगही उगाच नसतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त औषध असतं. ती हिमोग्लोबिनसाठी. एका नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं दुसरीत ओतलं, तर पोटॅशियम भलतंच वाढतं आणि कॅल्शियम घसरतं. निळ्या टोपणाची नळी रक्त गोठण्याच्या तपासणीची. ती खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा चुकतो. राखाडी टोपणाची साखरेसाठी. साध्या नळीत तसंच ठेवलेलं रक्त तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर स्वतःच खाऊन टाकतं.

कलेक्शन सेंटरवर एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: "सिरम इथंच वेगळं करता, की नळी तशीच पुढं पाठवता?" रक्त घेतल्यावर साधारण दोन तासांत सिरम वेगळं झालं, की पुढच्या प्रवासाचा त्रास बराच कमी होतो. नळी तशीच डिकीत टाकून संध्याकाळी निघत असेल, तर रिपोर्ट जपून वाचा.

'तीन महिन्यांची शुगर' आणि अंगातलं कमी रक्त

काही वेळा सुई, नळी, पेटी सगळं ठीक असतं, तरी आकडा फिरतो. कारण अडथळा माणसाच्या अंगातच असतो. आपल्या भागात याचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण एचबीएवनसी, म्हणजे 'तीन महिन्यांची शुगर'.

ही तपासणी हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्यातून दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. ६.५ किंवा जास्त आलं की मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये निदानासाठी ही तपासणी मान्य केली, पण पंडुरोगासारख्या अवस्थांत ती फसू शकते हेही सांगून ठेवलं.

आता हा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांच्या बाबतीत हा आकडा वाचताना सावध राहायला हवं.

समजा, खटाव तालुक्यातली चाळिशीची एक ताई शिबिरात गेली. हिमोग्लोबिन ८. उपाशीपोटी साखर ९४, म्हणजे चांगली. पण तीन महिन्यांची शुगर ६.६. कागदावर तिला मधुमेह झाला! लोह कमी पडल्यानं झालेल्या रक्तक्षयात हा आकडा खऱ्यापेक्षा वर सरकतो. इथं गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर बघायला हवी. लोह भरून आल्यावर एचबीएवनसी पुन्हा करायला हवी. नाहीतर जिला लोहाची गोळी हवी तिला साखरेची मिळते, आणि रक्तक्षय तसाच राहतो.

उलटंही होतं. नुकतंच बाहेरून रक्त चढवलंय, अंगावरून किंवा मूळव्याधीतून फार रक्त गेलंय, पेशी लवकर फुटण्याचा आजार आहे, अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो आणि असलेला मधुमेह झाकला जातो. खानदेशातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तिकडून ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या शिबिरात एवढी एकच तपासणी करून मोकळं होणं बरोबर नाही. त्यांचं हिमोग्लोबिनच वेगळ्या घडणीचं असू शकतं आणि काही मशीन तिथं गोंधळतात.

आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. २०२३ मध्ये तो अहवाल आला. त्यामुळं शिबिरं हवीतच, तपासण्याही हव्यात. फक्त दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर तिसऱ्यांदा बघायचा धीर हवा. आणि हे वाचून कुणी आपल्या मनानं चालू गोळी बंद करू नये. ते डॉक्टरांशी बोलूनच.

केसांची गोळी, हृदयाचा रिपोर्ट

केस गळतात, नखं तुटतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेतल्या जातात. त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. १० मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. त्यानं सहसा अपाय होत नाही, पण तपासणीत ते मोठा अडथळा ठरतं. प्रथिनं पकडणारा जो सापळा वर सांगितला, तो अनेक मशीनमध्ये बायोटिनच्याच साह्यानं बांधलेला असतो. रक्तात बाहेरचं बायोटिन जास्त झालं की सापळा चकतो.

मग टीएसएच खोटं कमी, टी-थ्री टी-फोर खोटं जास्त दिसतं आणि निरोगी बाईला थायरॉईड वाढल्याचं सांगितलं जातं. त्याहून वाईट म्हणजे ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. जास्त बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचं ट्रोपोनिन खोटं कमी आलं आणि पुढं त्याचा मृत्यू झाला, अशी नोंद त्या इशाऱ्यात होती. २०१९ मध्ये इशारा पुन्हा दिला गेला. सगळ्याच मशीनवर हे होत नाही, पण तुमची नळी कुठल्या मशीनवर जाणार हे तुम्हाला माहीत नसतं.

म्हणून थायरॉईडची तपासणी असेल तर डॉक्टरांना विचारून अशी गोळी निदान दोन दिवस आधी थांबवा. छातीत दुखत असेल तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही. दवाखाना गाठा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की ही गोळी चालू आहे.

साप चावल्यावरची काचेची बाटली

शहरातल्या मशीनची गोष्ट झाली. पण सगळ्यात साधी रक्त-तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तीसुद्धा जीव टांगणीला लागलेला असताना.

घोणस किंवा फुरसं चावलं की विषानं रक्तातलं फायब्रिनोजेन संपतं आणि रक्त गोठत नाही. हे ओळखायला थोडं ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग एकदाच कलती करतात. रक्त पातळ वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिसर्पविष द्यायला हवं.

यात मशीन नाही, वीज नाही, तरी अडथळा आहेच. रक्त गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शानं होते. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबण-पावडरीनं धुतलेली असेल, तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि गरज नसताना लस टोचली जाते. त्या लसीची रिॲक्शन येऊ शकते आणि साठाही वाया जातो. "गोठलं का बघू" म्हणून मधेच नळी हलवली तरी निकाल बिघडतो. त्यामुळं जवळ उभ्या असलेल्या नातेवाइकांनी त्या बाटलीला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट, खास करून शिराळा, पाटण, जावळीच्या लोकांसाठी. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर चालतं. तिथं रक्त छान गोठतं, तरी माणूस धोक्यात असतो. पापण्या जड होणं, गिळता न येणं, श्वास अडकणं ही लक्षणं बघायची असतात. "बाटलीत रक्त गोठलं, चला घरी" असं म्हणून निघायचं नाही. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आहे. त्या आराखड्याची गावातली सुरुवात अशा एका कोऱ्या काचेच्या नळीपासूनच होते.

सगळा दोष नळीवर ढकलू नका

हे सगळं वाचून प्रत्येक वाईट रिपोर्ट खोटा मानणं हा दुसरा धोका. टोटल प्रोटीन वाढलंय, अल्ब्युमिन मात्र कमी आहे, सोबत कंबर-पाठ महिनोन् महिने दुखतेय आणि रक्त कमी होतंय, अशा वयस्क माणसाला मल्टिपल मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग असू शकतो. त्यात शरीर एकाच जातीचं प्रथिन अमाप तयार करतं आणि ते प्रथिन इतर तपासण्यांतही अडथळा आणतं. म्हणजे इथं अडथळा हीच आजाराची खूण. म्हणून न जुळणारा आकडा फेकून द्यायचा नाही, तो पुन्हा तपासायचा.

जबाबदारी कुणाची?

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. ही सही शोभेची नसते. नळी बघून "हे रक्त चालणार नाही" असं म्हणण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्या सहीत असते. स्कॅन केलेली सही शंभर रिपोर्टवर आपोआप उमटत असेल, तर ती जबाबदारी कुणीच घेतलेली नसते.

दुसरी बाजूही बघू. नमुन्यामागं पैसे मिळणाऱ्या पोराला जास्त नळ्या गोळा करायच्या असतात. रक्त बाद केलं तर लॅबचा खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक तुटतं. खेड्यातला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणजे खराब रक्त चालवून घेण्यात सगळ्यांचाच तात्पुरता फायदा, तोटा फक्त रुग्णाचा. हा हिशेब आपणच बदलू शकतो, पुन्हा बोलावणाऱ्या लॅबला नावं न ठेवता.

फेरतपासणीचा खर्च ही खरी अडचण आहे. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. खासगी रिपोर्टबद्दल शंका असेल तर तो घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा.

रक्त देताना एवढं लक्षात ठेवा

१. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा. केसांची, ताकदीची, आयुर्वेदिक, सगळ्याच.
२. उपाशीपोटी म्हणजे पाणी बंद नव्हे. साधं पाणी प्या. आदल्या रात्री तेलकट, मटण टाळा.
३. रक्त देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं शांत बसा. पट्टा बांधल्यावर मूठ पुन्हा पुन्हा आवळू नका.
४. नळीवर तुमचं पूर्ण नाव, वय आणि गाव तुमच्यासमोर लिहून घ्या. एका शिबिरात चार 'सुनीता पाटील' असू शकतात.
५. रक्त किती वाजता घेतलं आणि सिरम कुठं वेगळं होणार, हे विचारा.
६. पूर्वीचे रिपोर्ट जपून ठेवा. आकडा एकदम उडी मारत असेल तर ते डॉक्टरांच्या नजरेस आणा.
७. अंगात त्रास नाही आणि आकडा भयंकर, किंवा त्रास भरपूर आणि आकडा छान, असं दिसलं तर "पुन्हा तपासूया का?" असं विचारायला लाजू नका.

आणि लॅबमधून पुन्हा रक्त मागणारा फोन आलाच, तर आधी एवढंच विचारा, "काय झालं होतं रक्ताला?" पेशी फुटल्या होत्या, रक्त कमी होतं, नळी चुकली होती, असं सरळ उत्तर मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडा. ती फेरी फुकट जाणार नाही.